शेजारणीचं मूल

कोमेजिमा बेट
१८ जुलै १९५२

प्रिय दादा,

तुमच्या डोंगरावर म्हणे अजून रात्री पांघरूण लागतं. इथे मासळी उकडायच्या शेडमध्ये मासळीच्या आधी आम्हीच उकडून निघतोय. यंदा बारकी मासळी इतकी आली आहे की वाळवणाला जागा पुरत नाही. देवळाच्या पायऱ्यांवरसुद्धा आमचे बांबूचे तट्टे पसरलेत. सासूबाई पहाटे पहिल्या होडीला हाक मारतात, त्या दिवस मावळेपर्यंत बसत नाहीत आणि दुसऱ्याला बसू देत नाहीत. काल मला म्हणाल्या, "पडून राहायला तू काय तुझ्या भावासारखी आरोग्यधामात आहेस?" राग मानू नकोस. तुझ्यासाठी निवडक मासळीची पिशवी त्यांनीच बाजूला काढली आहे.

तुझा खोकला कसा आहे? वजन वाढलं का? यांचं पत्र आलं होतं, बोट होक्काइदोला गेली आहे, शरद ऋतूशिवाय येणं नाही.

एक विचारायचं होतं. आजारी पडण्याआधी तू एवढी वर्षं हगवणीच्या जंतूंवरच काम केलंस, म्हणून. शेजारणीच्या मुलाचं पोट बिघडलंय. सारखं जावं लागतं, होतं थोडंच, पण आव पडते आणि त्यात रक्त दिसतं. कळा येतात, ताप आहे. उत्सवात देवळापाशी कापून ठेवलेलं कलिंगड सगळ्या पोरांनी खाल्लं, त्याचंच असेल ना? घरच्यांनी डॉक्टरांना कळवलेलं नाही. कळवलं की दाराला दोरी बांधतात, चुना मारतात, आणि ऐन हंगामात शेड बंद. तू समजू शकतोस.

सायो शाळेत रमली आहे. स्वतःच्या नावातला 'सा' मात्र अजून उलटा काढते.

तुझी,
तोमिए

*

शिन्शू
२२ जुलै

चि. तोमि,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी म्हणतात. हवा उत्तम, पाणी बेचव. खोकला आहे तिथेच आहे. तुझ्या सासूबाईंना, उमेआईंना सांग, पडून राहणं हे शेडमध्ये उभं राहण्याइतकंच कष्टाचं काम आहे, फक्त घाम येत नाही.

तुझ्या शेजारणीला सांग की रक्त आणि आव म्हणजे नुसतं बिघडलेलं पोट नव्हे, ती हगवण आहे. ओबाता डॉक्टरांना दाखवा. ते वयस्कर आहेत, पण मला आठवतं त्याप्रमाणे शहाणे आहेत. जुलाब थांबवायला अफूचे थेंब देण्याची आपल्याकडे खोड आहे, ती करू नका. जे बाहेर पडतंय ते पडू द्यावं. आत कोंडलं तर जंतू आणि त्यांनी केलेलं विष, दोघंही आतच मुक्काम करतात. सध्या पातळ पेज आणि उकळलेलं पाणी भरपूर द्या. मळलेले कपडे उकळत्या पाण्यात टाका, आणि कुठल्याही विहिरीच्या आसपास धुऊ नका.

बहुतेक मुलं आठवड्याभरात उठून पळायला लागतात. या जंतूंची एक जुनी, जहाल जात आहे. ती मधे जवळजवळ दिसेनाशी झाली होती, पण युद्धानंतर माणसं भरून परतलेल्या बोटींबरोबर कुठे कुठे पुन्हा उतरली. तुमच्याकडे तीच असेल असं मानायचं काही कारण नाही. तुला अख्ख्या आळीची काळजी डोक्यावर घ्यायची लहानपणापासून सवय आहे. जरा झोप घे.

सायोला म्हणावं, उलटा 'सा' आरशात सुलटा दिसतो. मामाने सांगितलंय.

काझुमा

*

कोमेजिमा
२५ जुलै

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं, बरं वाटलं. ते मूल आता सुधारलंय. डॉक्टरांकडे नेलं नाही, पण आता गरजच काय? पोट थांबलं, ताप उतरला, कळाही गेल्या. बाई म्हणते, देवाने वाचवलं.

फक्त फार फिकं पडलंय. तोफूसारखं. सकाळी पापण्या सुजलेल्या असतात. पायांवर बारीक लाल ठिपके आहेत, या दिवसांत डास फार. दिवसभर झोपून असतं. कालपासून लघवीलासुद्धा उठलं नाही, इतकी गाढ झोप. एवढ्या जागरणांनंतर झोपणारच. तहान मात्र खूप आहे. आजी मागेल तेवढं सातूचं पाणी पाजते.

हे सगळं बरं होण्याचंच लक्षण ना? तेवढं एका ओळीत कळव.

मासळी अजून येतेच आहे. हात सोलून निघालेत, म्हणून अक्षर असं.

तोमिए

*

शिन्शू
२८ जुलै

तोमि,

हे पत्र पोचायच्या आधी तार मिळालेली असेल. तारेत शब्द तोडून लिहावं लागतं, म्हणून तुला ओरडल्यासारखं वाटलं असेल. मी ओरडत नाही.

शेड शेजारणीची नाही, तुमची आहे. तुझ्या शेजारणीच्या, हिसानोच्या घरात आजी नाही. तिची सासू युद्धाआधीच गेली, हे तूच कळवलं होतंस. आणि सायोचं नाव नसलेलं हे तुझं पहिलंच पत्र. पहिलं पत्र मी दुसऱ्याच्या मुलाचं म्हणून निवांत वाचलं. हे दुसरं तसं वाचता आलं नाही.

आता काय चाललंय ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय मी सांगतोय ते तुझ्याच्याने होणार नाही.

हे जंतू आतड्याच्या भिंतीतच राहतात, त्यापुढे फारसे जात नाहीत. पुढे जातं ते त्यांचं विष. म्हणून पोट थांबलं, ताप उतरला, तरी गोष्ट संपलेली नसते. विष तोवर रक्तातून निघालेलं असतं. आम्ही ते सशांना टोचायचो. बराच वेळ ससा मजेत पाला खात बसायचा. मग मागचे पाय लुळे पडायचे. आमचे वरिष्ठ म्हणत, हे विष मज्जातंतू खातं. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा मला वेगळं दिसलं. तंतू नंतर बिघडले होते. आधी बिघडल्या होत्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या. विष त्यांच्या आतल्या अस्तरात शिरतं. त्या पेशींना स्वतःपुरतं काही बनवता येईनासं होतं असं माझं मत आहे, पुरावा नाही. त्या सुजतात, निखळतात. उघड्या पडलेल्या जागी रक्ताच्या इवल्या गुठळ्या धरतात. अशा अडगळीतून जाताना रक्तातल्या तांबड्या पेशी फाटतात, म्हणून सायो फिकी पडली. रक्त गोठवणारा माल त्या गुठळ्यांतच संपतो, म्हणून ते ठिपके. ते डास नाहीत. आणि मूत्रपिंड म्हणजे अशाच बारीक वाहिन्यांचे गुंडाळे. ते तुंबले की लघवी बंद होते.

मागच्या पत्रात मी पाणी भरपूर द्या म्हटलं होतं. जुलाब चालू होते तोवर ते बरोबर होतं, आता ते घातक आहे. जे पाणी बाहेर पडत नाही ते अंगात साठतं, आधी पापण्यांत आणि मग फुप्फुसांत. लघवी जेवढी होईल तेवढंच पाणी द्यायचं, वर घामापुरतं थोडंसं. मीठ नाही, मिसो नाही, सोयाचा रस नाही, मासळी नाही. साखर घातलेली घट्ट पेज द्या. तहानेने रडली तर ओल्या फडक्याने ओठ पुसा.

मूत्रपिंड मेलेलं नाही, तुंबलंय. वेळ मिळाला तर पुष्कळदा ते पुन्हा वाहू लागतं. त्याला वेळ मिळेपर्यंत बाकीचं शरीर बुडू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

काझुमा

*

कोमेजिमा, टेकडीवरची खोली
३१ जुलै

दादा,

तुझी तार फक्त मला नाही, सगळ्या बेटाला मिळाली. पोस्टातले गोंदाकाका कानाने अधू आहेत, ते शेडच्या दारात आले. वाफेत मी दिसेना, तेव्हा त्यांनी तिथूनच तार वाचली, स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात. "सायोला लघवी होते का? आजच डॉक्टर! पाणी बंद!" सगळ्या बायकांचे हात थांबले. कढईखालचा जाळ तेवढा आवाज करत राहिला.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या भावाने आमच्या घरातलं भांडं चव्हाट्यावर नेऊन ठेवलं."

पण तोवर कोणीतरी ओबाता डॉक्टरांकडे धावलं होतं. ते सायोच्या उशाशी बसले, पापणी खाली ओढून पाहिली, पाय पाहिले, आणि मला विचारलं की हे कधीपासून. मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं बोटीने आली. दाराला दोरी लागली, मागची विहीर बंद झाली, शेडही बंद झाली. उकडलेली सगळी मासळी त्यांनी खड्ड्यात घालून चुना टाकला. गावात आणखी दोन पोरांना जुलाब होते असं निघालं. त्यांना लगेच औषध सुरू झालं, ती बरी आहेत. सायोला फळीवर घालून इथे वर आणलं. साथीच्या रोग्यांची खोली म्हणतात ती ही. खिडकीतून समुद्र दिसतो.

आज तुझं पत्र आलं. पाण्याचं ओबाता डॉक्टरही तेच म्हणतात. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. "तहानलेल्या पोराला पाणी नाकारायचं, हे विद्यापीठात शिकवतात का?" असं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर विचारलं. आणि मी कपडे वाळत घालायला गेले तेव्हा त्यांनी तिला वाडगाभर पाजलं. दुसऱ्या दिवशी सायोचे डोळे सुजून मिटले आणि श्वास घेताना छातीत बुडबुडे वाजायला लागले. त्यानंतर किटली त्यांनी स्वतः उचलून बाहेर नेली. आता त्या सायोसमोर चहासुद्धा पीत नाहीत. या उन्हाळ्यात, त्यांच्या वयाला.

सायो भांडत नाही. भांडली असती तर सोपं होतं. ती म्हणते, "आई, गिळणार नाही. नुसतं तोंडात धरते."

दादा, घोड्याच्या रक्तापासून केलेली लस असते ना, विष मारणारी? तुझ्या प्रयोगशाळेत तू ती बनवायचास. कोणाला तरी सांगून पाठव. काहीही करून पाठव.

तोमिए

*

शिन्शू
३ ऑगस्ट

तोमि,

लस पाठवता येईल. जुन्या सहकाऱ्याला एक चिठ्ठी लिहिली की पुरे. तरी मी ती लिहिलेली नाही, आणि का ते तुला सांगायला हवं.

ती लस रक्तात मोकळं फिरणारं विष पकडते. जे विष पेशींच्या आत शिरलं, तिथवर तिचा हात पोचत नाही. आम्ही सशांना आधी लस देऊन मग विष टोचलं तर ससे जगायचे. विष आधी देऊन दुसऱ्या दिवशी लस दिली तर काही उपयोग व्हायचा नाही. सायोच्या अंगातलं विष केव्हाच मुक्कामाला पोचलंय, आणि बहुधा आपलं काम करून संपलंयसुद्धा. आता राहिलीय ती मोडतोड. त्यात घोड्याचं रक्त तिच्या अंगाला सोसलं नाही, तर उरलेलंही जाईल.

म्हणजे मी तुला काहीच पाठवत नाही. हे लिहिणं मला किती जड गेलं ते लिहीत बसत नाही.

झटका येऊ शकतो. आला तर तिला कुशीवर वळव, दातांत काही कोंबू नकोस, धरून ठेवू नकोस, डॉक्टरांना बोलाव. मी ससे पाहिलेत. ओबाता डॉक्टरांनी मुलं पाहिली आहेत. आमच्या सांगण्यात फरक पडला तर त्यांचं ऐक.

उमेआईंना सांग, म्हाताऱ्या माणसाने उन्हाळ्यात पाणी न पिणं हा वेडेपणा आहे. खोलीबाहेर जाऊन प्यावं.

पुढचे काही दिवस माझं पत्र येणार नाही. टपाल नेणारी बाई रजेवर चालली आहे. तू मात्र लिहीत राहा.

काझुमा

*

कोमेजिमा, टेकडीवरची खोली
९ ऑगस्ट

दादा,

हिसानोचा माकिओ गेला.

तुला मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी धक्क्यावर खेकडे पकडत होता. दुपारी अंग तापलं म्हणून घरी आला. हिसानोने लगेच डॉक्टरांना बोलावणं धाडलं, पण ते इथे सायोपाशी होते. टेकडी उतरून जाईपर्यंत झटके सुरू झाले होते. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं. दिवेलागणीला संपलं. जुलाब व्हायलासुद्धा वेळ मिळाला नाही. इथली म्हातारी माणसं या आजाराला वावटळ म्हणतात. येते आणि पोर उचलून नेते.

मी तुला लिहिलं होतं, शेजारणीचं मूल. का लिहिलं असं? दुसरं काही सुचलं नव्हतं. ती दोन पत्रं तुझ्याकडे असतील तर जाळून टाक.

इथून खाली जायला मला परवानगी नाही. खिडकीतून त्यांच्या घरावरचा धूर दिसला. सासूबाईंना जाता येतं, त्या गेल्या होत्या. परत आल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

सायोलाही झटका आला, परवा. तू लिहिलं होतंस तसं कुशीवर वळवलं. ओसरल्यावर ती झोपली, आणि उठल्यावर मला विचारते, माझी उशी कोणी ओली केली? काही आठवत नव्हतं तिला.

लघवी अजून नाही. काल चमचाभर, गढूळ. डॉक्टर म्हणतात, वाट पाहायची.

टपालाची बाई अजून आली नाही का? की तू रागावलास? रागावला असलास तरी लिही.

तोमिए

*

कोमेजिमा
१३ ऑगस्ट

काझुमासान,

मी लिहिणारी बाई नाही. तोमिए झोपली आहे, बऱ्याच दिवसांनी. म्हणून मी लिहिते.

पोरीला लघवी झाली. आधी वाटीभर, जुन्या चहासारखी. ओबाता डॉक्टरांनी ती उजेडात धरून इतक्या प्रेमाने पाहिली की कोणाला वाटावं उंची साके आहे. दुसऱ्या दिवशी जास्त झाली. काल तर अंथरूण, चटई, सगळं. मी तीनदा बदललं आणि एकदाही बोलले नाही. सूज उतरते आहे. डॉक्टर म्हणतात, आता उलट पाणी पाजा. तुम्हा लोकांचं एक काही धड नसतं. पण पाजते आहे.

आता दुसरं.

तोमिएने तुम्हाला एक गोष्ट लिहिलेली नाही, मला वाचवायला. सुरुवातीला सायोचे कपडे मी समुद्रावर धुवायला न्यायला हवे होते. समुद्रावर चार बायका असतात, रक्त बघतात, विचारतात. म्हणून मी ते मागच्या विहिरीपाशी धुतले, पहाटे. तुमचं पत्र आलं, विहिरीपाशी धुऊ नका असं. तोमिएने मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, विहीर खोल आहे, काही होत नाही. आणि त्यानंतरही धुतले. विहीर दोन घरांची आहे, आमची आणि हिसानोची.

माकिओ गेला त्या दिवशी मी तिच्याकडे गेले. नंतर पुन्हा गेले. ती दार उघडते. मी दाराच्या आतल्या मातीच्या जागेत, चपलांतच उभी राहते. ती ओट्यावर बसून असते. वर ये म्हणत नाही. का म्हणावं? विहिरीचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. तोंड उघडतं आणि मिटतं.

परवा तिने पहिल्यांदा विचारलं. म्हणाली, "तुमची एवढे दिवस झुंजून वाचली. माझा एका दुपारीत कसा गेला? सकाळी मी त्याला थंड शेवया दिल्या होत्या. त्यानेच झालं का?"

डॉक्टरांना विचार म्हटलं तर ती म्हणते, ते मला बरं वाटावं असंच बोलतील.

तुम्ही लिहा. काय झालं पोराच्या अंगात, ते. सोपं लिहा, ती चौथीपर्यंत शिकली आहे. मी वाचून दाखवीन. विहिरीचंही लिहा. आणि मला सांभाळून घेऊ नका.

उमे

*

शिन्शू
२४ ऑगस्ट

आदरणीय उमेआई,

उत्तराला उशीर झाला. टपालाची बाई कधीच रजेवर नव्हती. पाच तारखेला माझ्या डाव्या बाजूच्या फासळ्या कापून क्षयाने पोखरलेलं फुप्फुस दाबून बसवलं. तोमिला तेव्हा कळलं असतं तर तिला दोन अंथरुणांची काळजी वाहावी लागली असती. आता सांगा. मी जिवंत आहे, एका बाजूने वाकडा आहे, आणि पाठीवर झोपून लिहितो आहे, म्हणून ओळी चढावर चालल्यात. माझ्यावर रागवायची पहिली पाळी तुमची. शेडच्या दारातल्या त्या तारेबद्दल.

सायोचं वाचून मी इथल्या नर्सला हाक मारली आणि ती आल्यावर काय सांगायचं ते मला सुचेना. पुढचे काही महिने तिला मीठ बेताचं द्या, आणि लघवी अधूनमधून तपासून घ्या. मूत्रपिंडावर ओरखडे राहिले असतील.

हिसानोसाठी लिहिलेलं पत्र सोबत आहे. माझ्यातल्या डॉक्टरला जेवढं माहीत आहे तेवढंच लिहिलंय. तुम्हाला सांभाळून घेतलेलं नाही. माहीत नाही तिथे माहीत नाही असं लिहिलंय. ते तुम्हाला सांभाळण्यासाठी नाही.

काझुमा

*

(सोबतचं पत्र)

हिसानोसान,

आपण एकदाच भेटलो, तोमिच्या लग्नात. तुम्ही मला बोटीत बसवायला आला होतात आणि समुद्र लागू नये म्हणून खिशात आल्याचा तुकडा दिला होतात. माकिओला मी पाहिलेलं नाही.

थंड शेवयांनी काही झालं नाही. तुम्ही दिलेल्या कुठल्याच गोष्टीने झालं नाही. ताप आला त्या दिवसाच्या कितीतरी आधी जंतू त्याच्या पोटात गेले होते.

हे जंतू विष करतात. ते विष रक्तातून जातं आणि अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर बसतं. अशा वाहिन्या शरीरात सगळीकडे आहेत. सायोच्या अंगात ते मूत्रपिंडात बसलं. मूत्रपिंड तुंबलं तरी माणूस काही दिवस जगतो. तेवढ्या दिवसांत ते मोकळं झालं. माकिओच्या अंगात ते मेंदूतल्या वाहिन्यांपर्यंत पोचलं असावं. मेंदू वेळ देत नाही. एका मुलात विष इकडे जातं आणि दुसऱ्यात तिकडे, ते का, हे मला माहीत नाही. मला ज्यांनी शिकवलं त्यांनाही माहीत नव्हतं. सायो बळकट आणि माकिओ कमजोर असं नाही. तिची काळजी जास्त घेतली गेली असंही नाही.

तुम्ही दुपारीच डॉक्टर बोलावलेत. त्याआधी पाहण्यासारखं काही नव्हतं. ते सकाळी तुमच्या घरी असते तरी त्यांनाही खेकडे पकडायला निघालेला मुलगाच दिसला असता. आणि ताप चढल्यावर ते उशाशी बसून असते, तरी हे विष परतवणारं औषध त्यांच्याकडे नव्हतं. ते आज कोणाकडेच नाही.

झटके पाहणाऱ्याला भयंकर दिसतात. ज्याला येतात त्याची जाणीव त्याआधी मावळलेली असते. सायोलाही झटका आला होता; शुद्धीवर आल्यावर तिला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. माकिओला त्या वेळी कळत नव्हतं. हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही.

जंतू कुठून आले हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्सवातलं कलिंगड दोघांनी खाल्लं असेल, पण कलिंगडापासून ताप यायला एवढे दिवस लागत नाहीत. तुमची आणि त्यांची विहीर एक आहे. सायोचे मळलेले कपडे त्या विहिरीपाशी धुतले गेले. तिथे धुऊ नका असं मी कळवलं होतं, त्यानंतरही. मला संशय विहिरीचा आहे. खात्री देता येत नाही, कारण ते पाणी कोणी तपासलं नाही आणि मुलं हजार ठिकाणी हात घालतात. सायोचा आजार वेळेवर कळवला असता तर विहीर आधीच बंद झाली असती, हे मात्र नक्की.

आणखी काही विचारायचं असलं तर मला लिहा. मी इथेच आहे.

काझुमा

*

कोमेजिमा
२ सप्टेंबर

प्रिय दादा,

फासळ्यांचं कळलं. दुखतं का? डाव्या कुशीवर झोपता येतं का? मी इथे रुसून पत्रं लिहीत होते आणि तू तिकडे. आपल्या घराण्यात खरं लिहायची रीतच नाही का रे?

सायो खाली घरी आली. पाय काड्यांसारखे झालेत, जिना चढताना धाप लागते. अळणी पेज बघितली की तोंड फिरवते. शाळा दुसरं सत्र अर्धं झाल्यावर. माकिओ कुठे, असं तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यालासुद्धा पाणी दिलं नव्हतं?" मी म्हटलं, नाही, त्याचं वेगळं झालं.

काल सासूबाई आणि मी हिसानोकडे गेलो. तिने दार उघडलं आणि नेहमीसारखी ओट्यावर जाऊन बसली. सासूबाई मातीत उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे. त्यांनी पत्र काढलं आणि वाचायला लागल्या. तुला त्यांचं वाचणं माहीत नाही, बोट ठेवून वाचतात, एकेक शब्द. शेवयांचं वाचलं तेव्हा हिसानोने मान खाली घातली. मेंदूचं वाचलं. त्याला कळत नव्हतं, ते वाचलं, तेव्हा ती म्हणाली, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, अजून एकदा.

मग विहिरीचं आलं. सासूबाईंनी वाचलं, "सायोचे मळलेले कपडे त्या विहिरीपाशी धुतले गेले." तिथे बोट थांबलं. मला वाटलं पुढचा शब्द लागत नाही, म्हणून मी वाकून बघायला गेले. त्यांनी मला कोपराने मागे सारलं. पत्र खाली केलं आणि हिसानोकडे बघून म्हणाल्या, "धुतले गेले नाहीत. मी धुतले."

आणि पुन्हा पत्र वर करून शेवटपर्यंत वाचलं.

बाहेर कोणीतरी हातगाडी ओढत गेलं, तिचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. मग हिसानो उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता निघावं. सासूबाईंची पाठ कधी नव्हे ती वाकली होती. त्या वळायला लागल्या.

हिसानो बाहेर आली. तिच्या हातात बसायची गादी होती, एकच. तिने ती ओट्याच्या कडेला टाकली.

"बसा," ती म्हणाली. "आणि तो सकाळी तुमच्या शेडवरून गेला तेव्हा काय करत होता, ते सांगा. तुम्ही पाहिलं असेल."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. पुढेही म्हणेल असं मला वाटत नाही. पण सासूबाई बसल्या. आणि शेवटच्या सकाळी, बंद शेडकडे चक्कर टाकायला टेकडी उतरल्या तेव्हा, त्यांनी त्याला पाहिलं होतं, दादा. त्या सांगायला लागल्या, त्याच्या हातात काठाला दोरी बांधलेला डबा होता, एक खेकडा त्यातून सारखा पळत होता आणि तो त्या खेकड्याला नावाने हाक मारत होता.

मी दार हळूच ओढून घेऊन घरी आले. त्यांना यायला संध्याकाळ झाली.

तोमिए